शाळा तपासणाऱ्यांचे शिक्षण



शिक्षकाने कसे शिकवावे या विषयावर आपल्याकडे व्याख्यानांना तोटा नाही. मुलांनी कसे वागावे यावर तर मुळीच नाही. पण जे साहेब शाळा तपासतात, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या शाळा सुधारण्याचे बेत आखतात, त्यांनी स्वतः काय शिकावे, कोठे शिकावे आणि ते त्यांना कोणी शिकवावे, हा प्रश्न आपण चारचौघांत काढीत नाही. आज तो काढावयाचा आहे. मी मजूर संघटनेचा माणूस. शाळा माझ्याकडून लवकर सुटली, पुढचे जे काही वाचले ते एस्‌टीच्या स्टँडवर आणि साखर कारखान्याच्या गेटासमोर. तेव्हा शिक्षणशास्त्राच्या अधिकाराने मी बोलत नाही. ज्या लेकरांच्या नावाने योजना निघतात त्यांच्या आईबापांत माझे आयुष्य गेले, तेवढ्या अधिकाराने बोलतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्राचे दिवस होते. कारखान्यांचे पट्टे पडले होते, टोळ्या गावाला परतत होत्या. एका मजुराच्या मुलाच्या दाखल्यासाठी मी एका गावच्या शाळेत बसलो होतो. तेवढ्यात मोटार आली, साहेब उतरले. पंधरा मिनिटे असतील-नसतील. त्यांनी पट विचारला, हजेरी मोजली, पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक आहे ते पाहिले, स्वच्छतागृहाला पाणी आहे का ते पाहिले, एक फोटो काढून घेतला, शेरेबुकात चार ओळी लिहिल्या आणि गेले. चौथीच्या वर्गात खिडकीशी एक मुलगी बसली होती. आठवड्यापूर्वीच कारखान्यावरून आलेली. तिच्यापुढे पुस्तक उघडे होते. पण वर्ग ज्या धड्यावर होता तेथे नव्हे, दिवाळीला ती ज्या धड्यावर सोडून गेली होती तेथे. गुरुजींना हे ठाऊक होते. साहेब तिच्या बाकाला हात टेकून उभे होते, पण त्यांना ते दिसले नाही. हजेरीत मात्र ती मोजली गेली.

यात साहेबांची नालस्ती करण्याचा माझा हेतू नाही. ते सज्जन गृहस्थ होते. गुरुजींशी अदबीने बोलले, चहासुद्धा घेतला नाही. मी मनाशी म्हटले, या माणसाला वर्ग पाहावयास कोणी शिकवले असेल? आमच्या धंद्यात नवा मुकादम असतो, त्याला जुना मुकादम फडात उभा करून दाखवतो : ऊस बुडख्याला लागून तोडला की वर ठेवून तोडला, मोळी सैल आहे की घट्ट, वाढे किती राहिले. वजनकाट्याची चिठ्ठी कोणीही वाचील. फड वाचता आला पाहिजे. शाळेचा साहेब होतो कसा? कोणी परीक्षा देऊन थेट येतो. कोणी शिक्षकाचा केंद्रप्रमुख होतो, केंद्रप्रमुखाचा विस्तार अधिकारी. पहिल्याला कायदा पाठ असतो, दुसऱ्याला फळा ठाऊक असतो. पण दुसऱ्याचा वर्ग चालू असताना मागे बसून मुले काय शिकताहेत हे ओळखणे, आणि त्यावरून शंभर शाळांचा वर्षाचा बेत आखणे, ही तिसरीच विद्या आहे. ती ना परीक्षेत येते ना बढतीच्या हुकमाबरोबर येते.

ही तक्रार आजची नाही. महात्मा फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यातली एक मागणी आपण भाषणांतून नेहमी सांगतो : प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा असेही होते. मी युनियनवाला, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिले. पण तिसरी एक गोष्ट त्यात आहे, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. शाळांवरची देखरेख सदोष आणि अपुरी आहे, असे जोतीराव म्हणतात. डेप्युटी इन्स्पेक्टराची वर्षातून एकदा होणारी भेट फारशी उपयोगाची नाही, निदान तीन महिन्यांनी तरी शाळा पाहिली जावी, आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता जावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या डेप्युटीला लोक ‘दिपोटी’ म्हणत. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवायची, मुलांना धुतलेले कपडे घालायचे, आणि हुशार पोरे पुढच्या रांगेत बसवायची. दीडशेच्या आसपास वर्षे झाली. सारवणाच्या जागी रंग आला, एवढेच.

तिकडे विलायतेतही काही निराळे नव्हते. १८६२ साली तेथे असा नियम झाला, की इन्स्पेक्टराने एकेका मुलाची वाचन, लेखन, गणित यांची परीक्षा घ्यावी आणि पास मुलांच्या संख्येवर शाळेला पैसा मिळावा. म्हणजे उचलीवरचा उक्ता धंदा! परिणाम काय व्हावयाचा तोच झाला. मुलांनी वाचनाचे पुस्तक घोकून टाकले, शिक्षकांनी शिकवणे सोडून घोकवणे धरले. मॅथ्यू आर्नल्ड हा त्यांचा मोठा कवी. तो पस्तीस वर्षे शाळांचा इन्स्पेक्टर होता, आणि या पद्धतीला त्याने सतत विरोध केला. एडमंड होम्स नावाचा दुसरा एक अधिकारी तर प्राथमिक शाळांचा मुख्य इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाला आणि १९११ साली त्याने पुस्तक लिहून सरळ कबुली दिली, की आम्ही इन्स्पेक्टरांनी इतकी वर्षे जे केले त्याने मुलांची वाढच खुंटली. मला त्या होम्सचा आदर वाटतो. पण त्याचे डोळे उघडले ते निवृत्तीच्या वेळी. नोकरीत असताना ते उघडावेत अशी सोय हवी होती. माझा आजचा सगळा विषय ‘ती सोय’ या दोन शब्दांत येतो.

आपल्या देशाने ती सोय विचारात घेतली नव्हती असे नाही. १ मे १९६२ रोजी आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच वर्षी दिल्लीला युनेस्कोच्या साहाय्याने आशियातल्या शिक्षणाधिकाऱ्यांना नियोजन आणि देखरेख शिकवणारे केंद्र निघाले. त्याचीच पुढे वाढत वाढत आजची ‘नीपा’ ही संस्था झाली. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे. त्या आयोगाने स्पष्ट म्हटले, की पगार, बदल्या, बांधकाम पाहणारा एक आणि शिकवण्यात मदत करणारा दुसरा, अशी विभागणी करा. जवळजवळच्या शाळांचा एक समूह बांधा, त्यांनी एकमेकींकडून शिकावे. १९८६ च्या धोरणाने जिल्ह्याजिल्ह्याला प्रशिक्षण संस्था दिल्या. आपल्या बीडची अंबाजोगाईला आहे. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ‘मिपा’ आहे. १९९४ नंतर दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख आला. त्याने शाळाशाळांत हिंडावे, शिक्षकाच्या खांद्याला खांदा लावावा, ही मूळ कल्पना. महिन्याला शिक्षण परिषद ठरली.

इमारत अशी सगळी उभी आहे. मग वर्गातली ती मुलगी दिसत का नाही?

एक कारण आपण सगळे जाणतो. जो मदत करणार तोच माहिती गोळा करणारा झाला. कितीतरी जागा रिकाम्या, एका माणसाच्या गळ्यात दोन-तीन कार्यभार. सकाळी मोबाइल उघडला की ‘दुपारी बारापर्यंत माहिती सादर करा’. ती माहिती कोणी वाचतो की नाही, देव जाणे. शिक्षण परिषदेत शिक्षणाऐवजी परिपत्रके वाचली जातात. आणि साहेबांचे प्रशिक्षण म्हणाल तर ते असे : मोठे सभागृह, पडद्यावर चित्रे, पुढे वक्ता, मागे डुलक्या, शेवटी प्रमाणपत्र. मुलांनी कृतीतून शिकावे, हे तेथे तीन तास भाषण करून सांगतात!

दुसरे कारण मला माझ्याच चुकीवरून कळले, म्हणून ती सांगतो. तरुणपणी मी ऊसतोड मजुरांचे एक मागणीपत्र तयार केले. तालुक्याच्या खोलीवर बसून, पुस्तके समोर ठेवून. टनाचा दर, मुकादमाचे कमिशन, विमा, बैलांचा दवाखाना, सगळे नीट कलमवार. अभिमानाने ते फडावर नेऊन वाचले. एका बाईने हातातली मोळी खाली ठेवली आणि म्हणाली, “भाऊ, बैलाचा बी दवाखाना लिवलास. लेकराचं कुठं हाय?” मी खरोखरच विसरलो होतो. पहाटे तीनला गाडी भरायला उठावे लागते, कोपीत लहान लेकरू एकटे राहते, थोरली मुलगी त्याला सांभाळते आणि म्हणून शाळेत जात नाही, ही गोष्ट माझ्या कलमांत नव्हती. कारण पहाटे तीनला मी कधी फडावर नव्हतो. त्यानंतर आमच्या अभ्यासवर्गाची रीतच आम्ही बदलली. आधी चार कार्यकर्ते एका टोळीत दोन दिवस राहणार, मग बोलणार, मग लिहिणार, आणि लिहिलेले त्याच टोळीला वाचून दाखवणार. कागद लहान झाला, पण मजूर तो स्वतःचा म्हणू लागले.

मजुरांच्या वर्गात जे घडले ते शाळेच्या साहेबांत घडू शकते का? घडले आहे. त्यासाठी विलायतेला जावयास नको. सातारा तालुक्यात कुमठे नावाचे बीट आहे. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळा. येथे त्या चाळीसेक. सगळ्या जिल्हा परिषदेच्या. प्रतिभा भराडे नावाच्या बाई तेथे विस्तार अधिकारी होत्या. मूल स्वतः हाताळून, बोलून, अनुभवातून ज्ञान रचते, या विचारावर त्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी तेथे काम उभे केले. शिक्षकाच्या टेबल-खुर्चीचे माहात्म्य गेले, मुले जमिनीवर गटागटाने बसली. दहा काड्यांचा गठ्ठा आणि सुट्या काड्या यांतून दशक-एकक शिकली, शब्दांच्या चिठ्ठ्यांतून वाचू लागली. महाराष्ट्रभरचे शिक्षक आणि अधिकारी ते पाहावयास लोटले. २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी निर्णय निघाला, त्यामागे कुमठ्याचा मोठा आदर्श होता.

पुढे काय झाले ते आपण आपल्याच गावच्या शाळेत पाहिले असेल. फरशीवर रंग आला. गोल, चौकोन, अंक, अक्षरे. फरशी रंगवली की शाळा कुमठ्यासारखी झाली, असा समज पसरला. जे डोळ्यांना दिसले ते लोकांनी उचलले. न दिसणारी गोष्ट तेथेच राहिली. ती अशी, की एका विस्तार अधिकाऱ्याने हुकूम देण्याऐवजी शिक्षकांबरोबर शिकावयास घेतले. वाचले, करून पाहिले, चर्चा केली, पुन्हा वर्गात गेल्या. एका शाळेत जमले ते दुसरीला दाखवले. साहेब शिकला म्हणून बीट शिकले. हा भाग रंगाच्या डब्यातून येत नाही. आणि ‘प्रगत’ हा शब्द एकदा फलकावर लागला की फलक लावण्याचीच शर्यत लागते. मग १८६२ ची विलायत काय निराळी?

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. बीडचे अकरा तालुके. गोदाकाठची आणि माजलगाव धरणाच्या पाण्याखालची गावे एक प्रकारची, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावे दुसऱ्या प्रकारची. डोंगरपट्ट्यातल्या कित्येक गावांत दिवाळी उलटली की घराला कुलूप आणि ओट्यावर आजी, एवढेच राहते. दसरा-दिवाळीला निघालेले मजूर पाडव्याच्या आगेमागे परत येतात. म्हणजे शाळेचे वर्ष सरकारच्या कॅलेंडरात एक असले तरी या मुलांच्या अंगणात त्याचे तीन तुकडे होतात : जाण्यापूर्वीचा, तिकडचा आणि आल्यानंतरचा. सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. साखरशाळा निघाल्या. २०१० च्या एप्रिलपासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला, तेव्हा मूल जेथे जाईल तेथल्या शाळेने त्याला घ्यावे असे ठरले. जाणाऱ्या मुलाजवळ शिक्षण हमी कार्ड द्यावे, गावातच राहणाऱ्यासाठी हंगामी वसतिगृह काढावे. ठीक आहे. पण या जिल्ह्याचा शैक्षणिक सुधारणेचा बेत जून महिन्यात लिहिला जातो तेव्हा हे तीन तुकडे त्याच्या पहिल्या पानावर असतात का? सगळ्या केंद्रांना एकच बेत, एकच लक्ष्य, एकाच तारखेची चाचणी. माजलगावच्या बागायतीतल्या गावाला जो कागद, तोच धारूरच्या घाटातल्या गावाला.

२०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या १०० मुलांपैकी सुमारे २३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. हा आकडा ऐकून आपण हळहळतो आणि घरी जातो. आकडा साहेबालाही असाच वरून येतो. त्याला काय शिकवले पाहिजे? आकड्याच्या पोटात शिरावयास. जी मुले वाचू शकत नाहीत त्यांतली कोण दिवाळीला गेली होती, कोण आजीपाशी राहिली, आणि कोण वर्षभर येथेच असूनही मागे पडली? ही तीन दुखणी आहेत आणि औषधे तीन आहेत. सरासरी काढली की तिन्हींना एकच गोळी.

मला जे सुचते ते सांगतो. साहेबांचे प्रशिक्षण सभागृहातून उचला आणि वर्गात आणा. चार केंद्रप्रमुख, एक विस्तार अधिकारी आणि जमेल तेव्हा गटशिक्षणाधिकारी, यांनी मिळून एका वर्गात पूर्ण तास बसावे. शेरेबुक बंद. प्रत्येकाने एकेक मूल निवडावे आणि तासभर त्याच मुलाकडे पाहावे : ते केव्हा बोलले, केव्हा गप्प झाले, शेजाऱ्याच्या वहीत केव्हा डोकावले. मग त्या शिक्षकाला बरोबर घेऊन बसावे. पहिला नियम असा, की जे दिसले तेवढेच सांगावयाचे. ‘शिक्षकाने असे करावयास हवे होते’ हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढावयाचे नाही. हे सोपे वाटते. करून पाहा! मी संघटनेत करून पाहिले आहे, पहिल्या चार बैठका लोक उपदेशच करतात. महिन्याने त्याच वर्गात परत जावे. नवी शाळा नको, तीच. एकदा पाहून कोणाला काही कळले आहे काय?

आणि आणखी एक, हे ऐकून काही मंडळी रागावतील. साहेबाने वर्षातून दोन-चारदा स्वतः एक पाठ घ्यावा, शिक्षकांच्या देखत, आणि तोही परत आलेल्या मुलांच्या वर्गात. तो पाठ फसला तर उत्तम. ज्या पुढाऱ्याला मोळी बांधता येत नाही त्याचे मजूर ऐकतात, पण मनातून हसतात. जो बांधू पाहतो आणि ज्याची सुटते, त्याच्याशी ते खरे बोलतात.

तिसरी गोष्ट पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या तालुक्यांची. आपली मुले ज्या कारखान्यांच्या भागात जातात, तेथले केंद्रप्रमुख आणि आपले केंद्रप्रमुख कधी एका सतरंजीवर बसले आहेत का? मुकादमाला त्या गावचा चिटबॉय नावानिशी ठाऊक असतो. मूल मात्र एका साहेबाच्या वहीतून निघून दुसऱ्या साहेबाच्या वहीत पोचेपर्यंत मधल्या रस्त्यात हरवते. हमी कार्डावर ‘इयत्ता चौथी’ लिहिलेले असते. कोणत्या धड्यापाशी पुस्तक मिटले, बेरजा हातच्याच्या येतात की बिनहातच्याच्या, हे लिहिण्यासाठी आधी ते कोणीतरी पाहिलेले असावे लागते.

आता थोडे आमच्या बाजूचे. तपासणी म्हटले की संघटनेच्या माणसाचे कान टवकारतात. शिक्षकांच्या संघटनाही त्याला अपवाद नाहीत, आणि त्यांचा संशय उगाच नाही. तपासणीच्या नावाखाली मेमो, वेतनवाढ रोखणे, गैरसोयीची बदली, हे सगळे लोकांनी भोगले आहे. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की वर्गात शिकावयास बसलेल्या साहेबाने पाहिलेली कोणतीही गोष्ट शिक्षकाविरुद्ध कागदावर येता कामा नये. हा करार आधी लेखी व्हावा. गैरहजेरी, अफरातफर, मारहाण यांची चौकशी निराळ्या माणसाने, निराळ्या दिवशी करावी. कोठारी आयोगाने दोन कामे वेगळी करा म्हटले होते त्याचा अर्थ आमच्या भाषेत हाच. पण हा करार झाल्यावर शिक्षक संघटनेने वर्गाचे दार लावून घेऊ नये. दारावर उभे राहून ‘आधी सगळ्या जागा भरा’ एवढेच म्हणत राहिलो, तर जागा भरेपर्यंत ती चौथीची मुलगी ऊस तोडू लागलेली असेल. जागा भराव्यात यासाठी मी मोर्च्यात पुढे असेन. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात. आम्ही संपही करतो आणि संपाच्या काळात चूलही पेटवतो.

गावकऱ्यांचेही एक आहे. आपल्या गावी साहेब आले की आपण काय मागतो? पत्रे, कंपाउंड, बोअर. ते मागू नका असे मी म्हणत नाही. गळक्या छपराखाली कोण शिकणार? पण आपण कधी विचारले का, “साहेब, मागच्या महिन्यात आपण कोणत्या वर्गात तासभर बसलात, आणि काय पाहिलेत?” शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. अदबीने विचारावा. पहिल्या खेपेला उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या खेपेला साहेब विचार करून येतील.

टोळ्या परतल्या आहेत. शाळेला सुटी लागेल, आणि जूनमध्ये तालुक्याची बैठक होऊन नव्या वर्षाचा बेत ठरेल. त्या बैठकीपूर्वी आपल्या भागातल्या शाळांतून एक यादी व्हावी असे माझ्या मनात आहे. मुलाचे नाव, ते केव्हा गेले, केव्हा आले, आणि आज त्याचे पुस्तक कोणत्या धड्यापाशी उघडते. एवढे चार रकाने. आमच्या संघटनेची पोरे घरोघर हिंडून पहिले तीन भरतील. चौथा भरणे आमच्याने व्हावयाचे नाही, त्याला शिक्षक आणि केंद्रप्रमुखच हवेत. समोर त्यांतली काही मंडळी बसलेली मला दिसत आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल तर माझी उरलेली दहा मिनिटे मी त्यांना देतो. त्यांनी येथे येऊन सांगावे, की हा चौथा रकाना भरावयास त्यांना किती दिवस लागतील आणि त्यांचे कोणते काम त्या दिवसांत आम्ही बंद पाडावे.